हिरवी पिन, पिवळं सॉकेट

गेल्या दिवाळीच्या आधी पुण्याच्या घरातला माळा आवरायला काढला, तेव्हा पितळी डब्यांच्या मागून वायरींचा एक गुंता निघाला. एका टोकाला चपटा काळा प्लग आणि दुसऱ्या टोकाला पाच शेपट्या होत्या : हिरवी, निळी, लाल, पुन्हा एक लाल आणि पांढरी. पाचपैकी फक्त हिरव्या शेपटीला चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि तिच्यावर बाबांच्या अक्षरात बॉलपेनने लिहिलेलं होतं, 'ही पिवळ्यात'.

ते दोन शब्द समजायला तीन इतिहास माहीत असावे लागतात. एक डीव्हीडीचा, एक टीव्हीच्या रंगांचा आणि एक आमच्या घराचा. घराचाच आधी सांगते, कारण बाकीच्या दोघांच्या नादी मी त्याच्यामुळे लागले.

बाबा एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्तरच्या दशकात पुण्यातल्या एका फिल्म सोसायटीचे सभासद होते. त्या काळी असे पुष्कळ लोक होते. दिवसभर टिपणी-मसुदा करायचा आणि संध्याकाळी सायकल दामटत लोखंडी खुर्च्यांच्या सभागृहात जाऊन बसायचं. तिथे त्यांनी अकिरा कुरोसावाचा 1952 सालचा 'इकिरू' पाहिला. खरं तर दोनतृतीयांश पाहिला. वातानाबे हा महापालिकेतला विभागप्रमुख. 30 वर्षं कागदांवर शिक्के मारलेला. पोटाच्या कर्करोगाचं कळल्यावर आधी भरकटतो आणि मग एक दिवस परत कचेरीत येऊन बायकांच्या एका जुन्या अर्जाची फाइल बाहेर काढतो. वस्तीतलं सांडपाण्याचं डबकं बुजवून तिथे मुलांसाठी बाग करा, असा तो अर्ज. वातानाबे टोपी घालून पावसात बाहेर पडतो, आणि इथे सभागृहातली वीज गेली. अर्धा तास वाट पाहून लोक घरी गेले. पुढच्या आठवड्यात ते रीळ दुसऱ्या गावाला निघून गेलेलं होतं.

लहानपणापासून मी हा सिनेमा बाबांच्या तोंडून ऐकत आले, नेहमी तिथपर्यंतच. पुढे काय होतं असं विचारलं की म्हणायचे, "बांधली असणार बाग. माणूस लागला होता कामाला."

*

मी जपानी शिकले, आणि त्यात 'इकिरू'चा वाटा नव्हता असं मला म्हणता येणार नाही. 2002 साली एका कंपनीची भाषांतरकार म्हणून टोकियोला गेले. वायटूकेच्या सुमारास आलेल्या संगणकवाल्यांमुळे निशी-कासाई भागात तोवर भारतीयांची वस्ती झाली होती. मीही तिथेच एका सहा तातामीच्या खोलीत राहायचे. पहिल्या पगारातून टीव्ही घेतला आणि दुसऱ्यातून अकिहाबाराच्या एका जुन्या मालाच्या दुकानातून प्लेस्टेशन टू. मी गेम खेळणारी नव्हते. मला डीव्हीडी प्लेअर हवा होता.

हा उलटा व्यवहार वाटेल, पण जपानमध्ये तो अगदी सरळ होता. 4 मार्च 2000 रोजी हे यंत्र तिथे बाजारात आलं ते 39,800 येनला. बऱ्याशा डीव्हीडी प्लेअरची किंमत तेव्हा त्याच घरात होती, आणि इथे तर वर खेळ खेळता येत होते. डीव्हीडी जपानमध्ये 1996 च्या नोव्हेंबरपासून मिळत होती, पण घराघरांत ती शिरली ती या काळ्या पेटीतून. यंत्राबरोबर घेतलेल्या गेमपेक्षा 'द मॅट्रिक्स'ची डीव्हीडी जास्त खपली, असं त्या वसंतात सगळे सांगत असत. प्रतिस्पर्ध्यांकडे पाहिलं की ही चाल किती नेमकी होती ते कळतं. निन्टेन्डोच्या गेमक्यूबला सिनेमाच चालत नसे. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये डीव्हीडीचा ड्राइव्ह होता, पण सिनेमा पाहायला रिमोटचा वेगळा संच विकत घ्यावा लागे, कारण डीव्हीडीच्या परवान्याची फी प्रत्येक यंत्रामागे भरण्याची त्यांची तयारी नव्हती.

पहिल्या जपानी पीएसटूमध्ये एक गंमत होती. डीव्हीडी चालवणारं सॉफ्टवेअर यंत्राच्या पोटात नव्हतं. सोबतच्या तबकडीवरून ते 8 एमबीच्या मेमरी कार्डावर उतरवून घ्यायचं. यंत्र विक्रीला आल्यावर काही दिवसांतच लोकांच्या ध्यानात आलं की या पहिल्या आवृत्तीत दोन भोकं राहिली आहेत. ठरावीक बटणं दाबली की परदेशी डीव्हीडीही चालत होत्या. आणि आरजीबी तारेतून बाहेर पडणाऱ्या चित्रावर कॉपीविरोधी कवच नव्हतं, म्हणजे सिनेमा थेट व्हीएचएस कॅसेटवर उतरवता येत होता. बातम्या झाल्या, कंपनीने चूक कबूल केली आणि पुढच्या आवृत्त्यांत ती दुरुस्त झाली. नंतरच्या यंत्रांत तर डीव्हीडी लावली की आरजीबीचं आउटपुट आपोआप बदले आणि आरजीबीच्या टीव्हीवर सगळी माणसं हिरवीगार दिसत.

दुकानदाराने मला यंत्र दाखवलं, मग काउंटरखालून मेमरी कार्ड काढलं आणि हळूच म्हणाला, हे जुनं आहे, पुसू नका. त्याने कार्डाचे वेगळे 3,000 येन घेतले. मला ते महाग वाटलं होतं.

*

परदेशी डीव्हीडी न चालण्यामागे तांत्रिक कारण काही नव्हतं. तबकडी तीच, लेसर तोच. हॉलिवुडच्या स्टुडिओंनी जगाचे आठ भाग पाडले होते आणि प्रत्येक तबकडीत नि प्रत्येक प्लेअरमध्ये आकडा घातला होता. आकडे जुळले तरच सिनेमा दिसेल. अमेरिका आणि कॅनडा 1. जपान, युरोप आणि मध्यपूर्व 2. हाँगकाँग, तैवान, कोरिया आणि आग्नेय आशिया 3. ऑस्ट्रेलिया आणि लॅटिन अमेरिका 4. चीन 6. सातवा राखून ठेवलेला, आठवा विमानं आणि जहाजं यांच्यासाठी. आपण पाचवे : भारतीय उपखंड, रशिया, आफ्रिकेचा बराच भाग, मंगोलिया, उत्तर कोरिया. एवढं विजोड बिऱ्हाड दुसऱ्या कुठल्या नकाशावर सापडायचं नाही.

व्यापाराच्या दृष्टीने यात तर्क होता. सिनेमा आधी अमेरिकेत लागे. तिथे थिएटरातून उतरला की डीव्हीडी येई, तेव्हा तो इतर देशांत जेमतेम पडद्यावर पोचलेला असे. अमेरिकेतली डीव्हीडी तिथे आधीच पोचली तर तिकिटं कोण काढणार? पण 1952 च्या सिनेमाला हा तर्क कसा लागू होतो, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

कुलूप आलं की किल्ल्या येतात. 1999 मध्ये नॉर्वेतल्या योन लेक योहानसन या शाळकरी वयाच्या मुलाचं नाव डीव्हीडीचं सांकेतिकीकरण सोडवणाऱ्या प्रोग्रामशी जोडलं गेलं. त्याच्यावर खटला चालला, आणि 2003 मध्ये खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही कोर्टांनी त्याला निर्दोष सोडलं. ऑस्ट्रेलियात एडी स्टीव्हन्स नावाचा माणूस पहिल्या प्लेस्टेशनला चिप बसवून द्यायचा, म्हणजे परदेशी खेळ चालत, आणि नकली प्रतीही. सोनीने त्याला कोर्टात खेचलं. 2005 च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टाने स्टीव्हन्सच्या बाजूने निकाल दिला. स्टुडिओही गप्प नव्हते. 2000 पासून त्यांनी काही तबकड्यांत जादा तपासणी घातली. सगळे आकडे चालवणारा प्लेअर दिसला की सिनेमाऐवजी नकाशा आणि एक सूचना पडद्यावर येई.

आपल्या हिंदी सिनेमावाल्यांनी मात्र या भानगडीतून स्वतःला बाहेर ठेवलं, आणि त्याचं मला फार कौतुक वाटतं. त्यांच्या बहुतेक डीव्हीडी सर्व भागांत चालणाऱ्या असत आणि भारत पॅलचा देश असूनही एनटीएससीत काढलेल्या असत. न्यूजर्सीतल्या गिऱ्हाइकाला चालली पाहिजे हा हिशेब. मराठी सिनेमे तेव्हा मुख्यतः व्हीसीडीवर मिळत आणि पीएसटू व्हीसीडी वाचतच नाही. त्यामुळे पुण्याहून ट्रंकेत आणलेले माझे मराठी सिनेमे तीन वर्षं ट्रंकेतच राहिले.

*

जपानमध्ये 'इकिरू'ची डीव्हीडी मिळत होती. महाग होती आणि तिच्यावर इंग्रजी सबटायटल नव्हती. एकदा सुट्टीवर येताना ती घेऊन आले आणि संगणकावर लावून, थांबवत थांबवत, बाबांना मराठीत सांगायला लागले. दहा मिनिटांनी त्यांनी हात वर केला. "सिनेमा सांगू नकोस मला. दाखव."

2004 च्या जानेवारीत क्रायटेरियनने अमेरिकेत 'इकिरू' काढला, इंग्रजी सबटायटलसकट. न्यूजर्सीच्या मावसभावाने ती प्रत टोकियोला धाडली. डबीच्या मागे छोटा पृथ्वीगोल आणि त्यात 1. मी मेमरी कार्ड घातलं, बटणं दाबली आणि सिनेमा सुरू झाला. नावं दिसेपर्यंतच पाहिला आणि बंद केला. बाबांच्या आधी शेवट पाहायचा नाही असं ठरवलं होतं.

घाई करायला कारण होतं. बाबांना काचबिंदू झाला होता. उजवा डोळा जवळजवळ गेला होता, डाव्याचं क्षेत्र आक्रसत होतं. मोतीबिंदू असता तर शस्त्रक्रिया करून मोकळे झालो असतो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची असते.

2005 च्या मे महिन्यात नोकरी संपवून परत आले ती पीएसटू, डीव्हीडी आणि 230 व्होल्टचे 100 करणारा विटेएवढा ट्रान्सफॉर्मर घेऊन. जपानात वीज 100 व्होल्ट. यंत्र तसंच पुण्याच्या भिंतीत खोचलं असतं तर कहाणी तिथेच संपली असती.

घरातला टीव्ही 21 इंची, जाडजूड काचेचा. तो एनटीएससी दाखवी, हे नशीब. मागे एकच पिवळं सॉकेट, शेजारी पांढरं आणि लाल. पीएसटूसोबतची पिवळी तार जोडली. चित्र आलं. बाबा खुर्ची ओढून टीव्हीपासून तीन फुटांवर बसले. पाचव्या मिनिटाला म्हणाले, "अक्षरं फुटतायत. आणि सिनेमा रंगीत आहे का गं?"

सिनेमा कृष्णधवलच होता. पण वातानाबेच्या बारीक विणीच्या कोटावर हिरव्या-जांभळ्या रंगांच्या लाटा वळवळत होत्या. सबटायटलच्या कडा तुपकट दिसत होत्या. मी चांगल्या डोळ्यांनी वाचू शकत होते. बाबांना ओळ लागेपर्यंत पुढची येत होती.

*

हा दोष यंत्राचा नव्हता की टीव्हीचा. तो 1953 सालचा होता. त्या डिसेंबरात अमेरिकेने रंगीत टीव्हीची एनटीएससी पद्धत मंजूर केली. लोकांच्या घरी लाखो कृष्णधवल संच होते आणि ते एका रात्रीत रद्दी ठरवणं शक्य नव्हतं. म्हणून अभियंत्यांनी उजेड-अंधाराच्या जुन्या संदेशाच्याच पोटात, वरच्या टोकाला, 3.58 मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसवून रंग कोंबला. जुन्या संचाला तो दिसत नसे, नवा संच तो गाळून वेगळा काढी. फार हुशारीची तडजोड होती ती. पण बारीक रेघा, विणीचं कापड, अक्षरांच्या धारदार कडा यांचा संदेशही त्याच वरच्या टोकाला जातो. मग टीव्ही फसतो. कापडाची वीण रंग समजून रंगवतो, आणि रंग गाळायला बसवलेली चाळणी अक्षरांची धारही गाळून टाकते. पिवळी तार म्हणजे ही 1953 ची तडजोड, एका तारेत बांधलेली. 'इकिरू' तिच्याहून एका वर्षाने मोठा.

तारांचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे तेव्हा एकत्र कोंबलेलं पुन्हा वेगळं करण्याचा इतिहास. एस-व्हिडिओत चार टाचण्यांचा गोल प्लग, उजेड एका वाटेने आणि रंग दुसऱ्या. युरोपात फ्रेंचांचं 21 टाचण्यांचं अजस्र स्कार्ट, त्यातून लाल, हिरवा, निळा सरळ वेगवेगळे. जपानात डी-टर्मिनल. आणि कंपोनंट : हिरव्या तारेत उजेड, निळ्या आणि लाल तारांत रंगांचे दोन फरक. प्रत्येक मुलखाचं सॉकेट वेगळं. डीव्हीडीच्या आकड्यांवर लोकांनी खटले लढले, सॉकेटांबद्दल कुणी ब्रही काढला नाही. पुढे 2006 मध्ये पीएसथ्री आला, त्याला एचडीएमआय होतं. तरी खोक्यात तार दिली होती ती जुनी पिवळीच.

मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. एस-व्हिडिओचं सॉकेट पिवळ्यात बसवणारा जोड मागितला. दुकानदाराने तो काढून दिला आणि म्हणाला, "ताई, याने काही फरक पडणार नाही. दोन्ही परत एकत्रच करतंय ते." प्रामाणिक माणूस. मग मी रीजनची कथा सांगितली तेव्हा तो मनापासून हसला. "रीजन-बिजन काय नसतं. हा चायना प्लेअर घ्या. रिमोटवर चार आकडे दाबले की जगातलं काहीपण चालतं." भिंतीला लागून तसल्या प्लेअरांची उतरंड होती. हॉलिवुडने जगाचे पाडलेले आठ तुकडे तपकीर गल्लीत कधीच सांधले गेले होते, आणि मी 3,000 येनांचं कार्ड सोन्यासारखं जपत होते.

शेजारच्या काकांकडे तसा प्लेअर होता. मागून आणला. तबकडी लगेच चालली, पण रंगांच्या लाटा तशाच, शिवाय तो एनटीएससीचं पॅल करून पाठवत होता, त्यात अक्षरांना दाते पडले. पॅलवर मुळात माझा राग आहे. सेकंदाला 24 चित्रांचा सिनेमा पॅलच्या डीव्हीडीवर 25 च्या वेगाने पळवतात. 143 मिनिटांच्या 'इकिरू'तली पावणेसहा मिनिटं त्यात उडून जातात, आणि ज्याचे दिवस मोजलेले आहेत अशा माणसाच्या सिनेमात हे मला बरं वाटत नाही.

युक्ती सुचली ती रात्री अंथरुणावर. सिनेमा कृष्णधवल आहे. मग मला रंग हवाय कशाला? कंपोनंट तारेत हिरव्या वाटेने फक्त उजेड जातो, आणि चित्र जागेवर ठेवणारे ठोकेही तिच्यातूनच जातात. म्हणजे ती एकटी तार हे एक पूर्ण कृष्णधवल प्रक्षेपण आहे, 1953 च्या आधीचं. ती पिवळ्या सॉकेटात घातली तर टीव्हीला रंगाची खूण सापडणार नाही, तो रंगाचं काम बंद करेल आणि चाळणीही बाजूला ठेवेल.

सकाळी तपकीर गल्लीतून कंपोनंट तार आणली. पाच शेपट्या, त्यात दोन लाल, एक चित्राची आणि एक आवाजाची. हा घोळ कुणी घातला कोण जाणे. आधी जुन्या तारेवर यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन आरजीबीचं कंपोनंट केलं, मग तार बदलली, हिरवी पिवळ्यात खोचली, निळी आणि एक लाल लोंबत सोडली.

कोटाची वीण दिसली, नुसती करडी. सबटायटल पांढरीशुभ्र आणि कापून काढल्यासारखी. बाबा खुर्चीतून वाकले आणि पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचली, शाळेतल्या पोरासारखी.

(शेजाऱ्यांच्या चायना प्लेअरलाही मागे हिरवं सॉकेट होतं, हे मला तो परत देताना दिसलं. आकड्यांच्या वाटेने गेले नसते तर सगळं काम फुकटात झालं असतं.)

*

वेळ जुळवायचं राहिलं होतं. त्या उन्हाळ्यात लोडशेडिंगने सगळ्यांना पिडलं होतं, आणि आमच्याकडे इन्व्हर्टर नव्हता. 143 मिनिटं म्हणजे दोन तास तेवीस मिनिटं. दुपारी वीज आली की पुढचे तीन तास जाणार नाही असा आईचा अंदाज होता आणि तिचे अंदाज कचेरीच्या वेळापत्रकापेक्षा पक्के असत. तबकडी घालून ठेवली. तीन वाजता पंखा फिरला आणि मी बटण दाबलं.

पहिले दीड तास बाबा मधून मधून मला पुढचं सांगत होते. "आता हा त्या मुलीबरोबर हॉटेलात जाईल." सगळं बरोबर निघत होतं. 30 वर्षांत त्यांनी एक प्रसंग इकडचा तिकडे केला नव्हता. वातानाबे कचेरीत आला. फाइल काढली. टोपी घातली. बाबा बोलायचे थांबले. मी पंख्याकडे पाहिलं. पंखा चालू होता.

आणि पुढच्याच क्षणी पडद्यावर वातानाबेचा हार घातल्यासारखा मांडलेला फोटो आला. निवेदक सांगतो की पाच महिन्यांनी तो गेला.

बाबा म्हणाले, "अरे."

मग बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या जागेनंतरचा सगळा सिनेमा वातानाबेच्या श्राद्धाच्या बैठकीत घडतो. सहकारी साके पितात, बाग खरी कुणामुळे झाली यावर वाद घालतात, श्रेय वरिष्ठांना देतात, हळूहळू त्यांना सत्य उमगत जातं आणि शेवटी दारूच्या भरात सगळे शपथा घेतात की आपणही असंच काम करायचं. मधे मधे तो जिवंत दिसतो, तुकड्यातुकड्यांनी. बर्फात, बागेतल्या झोक्यावर, गाणं म्हणताना. मला वाटलं बाबा तिथे रडतील. मी रडले. ते नुसते पुढे वाकून वाचत होते.

सिनेमा संपला. वीज होतीच. ते चष्मा पुसत म्हणाले, "शेवटी तो एकजण उभा राहतो बघ. दुसऱ्या दिवशी कचेरीत. लोकांना पुन्हा या टेबलावरून त्या टेबलावर पाठवतात, ते बघून उभा राहतो. खुर्ची पाडून."

"हो."

"आणि परत खाली बसतो. फायलींच्या मागे दिसेनासा होतो." त्यांनी चष्मा घातला. "मला वाटत होतं, आपण शेवट पाहिला नाही म्हणून आपल्याला कळलं नाही पुढे काय करायचं ते."

मी काय बोलणार? वायर काढायला वाकले, तेव्हा ते म्हणाले की थांब, आणि ड्रॉवरमधून चिकटपट्टी आणि पेन काढलं. पुन्हा पाहायचा आहे, तू नसलीस तर मला जोडता यायला हवा. अक्षर गिरवायला त्यांना बराच वेळ लागला.

आई आतून चहा घेऊन आली. "संपला का एकदाचा? मग तो गुंता उचला आधी, पाय अडकतो माझा."